फिरता प्रश्न

माझ्या नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची फी कोणी भरली, त्या माणसाचं नाव मला सांगता येत नाही. एकच माणूस असता तर त्याच्या घरी दरवर्षी दिवाळीचा फराळ नेला असता, म्हातारपणी त्याच्या उशाशी बसून बीपी मोजलं असतं, त्याचं औषधपाणी पाहिलं असतं. पण ती फी जमली कफ परेडच्या मच्छीमार नगरातल्या प्रश्नमंजुषेतून. त्या संध्याकाळी सभागृहात जे जे बसले होते, दारात छत्री घेऊन उभे होते, खिडकीच्या गजांना धरून लोंबकळत होते, त्या सगळ्यांचं थोडं थोडं देणं माझ्याकडे लागतं. त्यातले कितीतरी आता हयात नाहीत. काहींची घरं वसई-विरारकडे गेली. म्हणून हे लिहिते आहे.

आमची वस्ती ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. नरिमन पॉइंटला समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला, खाडीसारख्या आत शिरलेल्या बॅकबेच्या पाण्यापलीकडे, कफ परेडचे मनोरे दिसतात. त्यांच्या पायथ्याशी रंगीत होड्यांची रांग लागलेली असते. ते मच्छीमार नगर. एका बाजूला बधवार पार्क ही रेल्वेची वसाहत, मागे वर्ल्ड ट्रेड सेंटर. कोळ्यांची घरं आहेत, बाहेरगावाहून आलेल्या खलाशांची आहेत, आणि थंडीत बोंबील वाळत घातलेले असले की वाऱ्याबरोबर तो वास वरच्या मजल्यांपर्यंत जातो.

आमच्याकडचं वर्ष शाळेच्या वर्षाशी कधीच जुळत नाही. शाळा-कॉलेजं जूनमध्ये उघडतात आणि समुद्र जूनमध्ये बंद होतो. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, ताडपत्रीखाली झाकलेल्या, जाळी विणायला आणि दुरुस्तीला काढलेली. मासे अंडी घालतात म्हणून ही बंदी हवीच, त्याबद्दल कोळ्याला शिकवावं लागत नाही. पण घरात पैसा येणं थांबतं नेमकं त्याच महिन्यात वह्या, गणवेश, प्रवेश फी यांची यादी हातात पडते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला की पुन्हा हातात पैसा खेळू लागतो, तोवर प्रवेशाच्या तारखा उलटून गेलेल्या असतात. माझ्या वयाची किती मुलं सातवीनंतर किंवा दहावीनंतर अशा एखाद्या जूनमध्ये शाळेतून गळली! त्यात हुशार नव्हती अशी फार थोडी होती.

हे ज्यांनी पाहिलं ते आमचे मास्तर. महापालिकेच्या शाळेत त्यांची सगळी नोकरी झाली. मूळचे राजापूरकडचे, पण वस्तीत इतकी वर्षं काढली की आमच्या भाषेतल्या शिव्यासुद्धा त्यांना कळायच्या. देत मात्र कधी नसत. त्यांना प्रश्नमंजुषेचं वेड होतं. कलकत्त्यात १९६७ साली नील ओब्रायन यांनी एका चर्चच्या सभागृहात पहिली जाहीर क्विझ घेतली, १९७२ साली बोर्नव्हिटा क्विझ सुरू झाली, हमीद सायानी गेल्यावर धाकट्या अमीन सायानींनी ती हाती घेतली, हे सगळं मास्तरांना तोंडपाठ होतं. रविवारी ट्रान्झिस्टर कानाशी धरून ते उत्तरं पुटपुटायचे. पुढे दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचा ‘क्विझ टाइम’ आला, तेव्हा ज्यांच्याकडे टीव्ही होता त्या घरी मास्तर आणि त्यांच्या मागे आम्ही पोरं.

मास्तरांच्या मनात दोन गोष्टी एकत्र आल्या. पावसाळ्यात वस्तीतले सगळे पुरुष घरी असतात, आणि पावसाळ्यातच मुलांच्या फीला पैसे नसतात. श्रावणातल्या एका रविवारी त्यांनी वस्तीच्या मंडळाचं सभागृह मागितलं आणि आमची प्रश्नमंजुषा सुरू झाली. ऐंशीचं दशक संपत आलं होतं.

तिचे नियम मी नीट सांगणार आहे, कारण सगळं मर्म त्या नियमांत आहे. टीम चौघांची. त्यात एक शाळकरी मूल, एक बाई, एक दर्यावर जाणारा आणि एक साठीच्या पुढचं माणूस असलंच पाहिजे. टीमची नावं माशांची: घोळ, शेवंड, रावस, करली, बोंबील. बझर कुठून आणणार? एका टीमकडे सायकलची घंटी, एकीकडे होडीचा भोंगा, एकीकडे ताट आणि पळी, एकीकडे भजनातले टाळ. टीमला थोडी प्रवेश वर्गणी असे, पण खरा पैसा प्रश्नांतून यायचा. प्रत्येक प्रश्नाला एक दाता. बर्फवाला, डिझेलवाला, जाळ्याचा दोर विकणारा, ससून डॉकवरचा व्यापारी, समोरच्या मनोऱ्यांतली, माझ्या आईकडून मासळी घेणारी गिऱ्हाइकं. बरोबर उत्तर आलं की दात्याने कबूल केलेली रक्कम डब्यात. उत्तर आलं नाही तर रक्कम दात्याकडेच राहायची.

आणि इथे मास्तरांची खरी बुद्धी दिसली. एका टीमला उत्तर आलं नाही तर प्रश्न पुढच्या टीमकडे, तिथून त्याच्या पुढच्या, शेवटी प्रेक्षकांकडे. उत्तर येईपर्यंत प्रश्न फिरत राहायचा. त्यामुळे सभागृहात कोणी हरावं असं कोणालाच वाटत नसे. समोरची टीम अडली तरी लोक पुढे वाकून, श्वास रोखून बसायचे, कारण तिचं उत्तर हुकलं तर कोणाच्या तरी पोराची वही हुकणार होती. क्रिकेट, कबड्डी, दहीहंडी सगळं पाहिलं मी, पण दोन्ही बाजू एकमेकींच्या जिंकण्यासाठी देव पाण्यात घालून बसल्यात असा दुसरा खेळ पाहिलेला नाही.

अर्धे प्रश्न पुस्तकातले आणि अर्धे पाण्यातले, हा दुसरा नियम. पुस्तकातले म्हणजे: कफ परेडला कोणाचं नाव? मुंबईच्या सुधार ट्रस्टवरच्या टी. डब्ल्यू. कफ यांचं. ससून डॉक आणि प्राँग्ज दीपगृह यांच्यात समान काय? दोन्ही १८७५ सालची. बॅकबेच्या भरावातला घोटाळा १९२०च्या दशकात कोणी चव्हाट्यावर आणला? वीर नरिमन, म्हणजे खुर्शेद फ्रामजी नरिमन. त्या प्रश्नावर मास्तर हमखास थांबायचे. आपण जिथे राहतो त्या कफ परेडचा मोठा भाग भरावाचा आहे, हे पोरांना कळावं म्हणून वस्तीतल्या एखाद्या म्हाताऱ्याला उभं करून विचारायचे, तुमच्या लहानपणी पाणी कुठवर होतं? तो हात करून दाखवायचा. मागच्या मनोऱ्यांकडे.

पाण्यातले प्रश्न मास्तर स्वतः काढू शकत नव्हते. त्यासाठी ते मे महिन्यात होड्यांवर जाऊन तांडेलांजवळ, म्हणजे होडीच्या कप्तानांजवळ, बसायचे आणि वहीत लिहून घ्यायचे. डोलीच्या जाळ्याचं तोंड पाण्याच्या कुठल्या अंगाला ठेवायचं? उधाण आणि भांग, म्हणजे मोठ्या आणि लहान भरतीचे दिवस, यांत मासळी कधी जास्त? दोन सारखे मासे ताटात ठेवून यातला कुठला कोण? कॉलेजात जाणारी पोरं इथे गप्प व्हायची आणि ज्यांना सही करता येत नव्हती ती माणसं खुर्चीत ताठ बसायची.

त्यातला एक प्रसंग अजून जसाच्या तसा डोळ्यांपुढे आहे. माझी आजी, तिला सगळी वस्ती बय म्हणायची, एका वर्षी बोंबील टीममध्ये होती. अंगठेबहाद्दर. मास्तरांनी विचारलं, “आज षष्ठी. आज दुपारची भरती किती वाजता होती?” दोन टीम चुकल्या. तिसऱ्या टीममधला इंजिनिअरिंगचा मुलगा म्हणाला, वर्तमानपत्रातलं कोष्टक पाहावं लागेल. प्रश्न बोंबीलकडे आला.

“बय, तुम्ही सांगा.”

बयने उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला. “सहाची पाऊणपट. साडेचार.”

ताट-पळी वाजवायचीसुद्धा गरज उरली नाही, लोकांनीच बाकं बडवली. मास्तरांनी त्या मुलाला फळ्यापाशी बोलावलं आणि त्याच्याकडूनच गणित करवून घेतलं. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. अमावास्येला आणि पौर्णिमेला मुंबईच्या किनाऱ्यावर ती बाराच्या आसपास येते. तिथीला पाऊणने गुणलं की तास मिळतात. थोडीफार मिनिटं इकडेतिकडे होतात, पण होडी लोटायला तेवढं पुरतं. मुलाने गणित पूर्ण केलं, खडू खाली ठेवला आणि बयच्या पाया पडला. ती म्हणाली, “अरे, आमचा बापूस सांगायचा, मी काय केलं?” त्या प्रश्नाचे पैसे बर्फवाल्याने डब्यात टाकले.

बयला आयुष्यात कोणी परीक्षेला बसवलं नव्हतं. त्या दिवसानंतर ती दरवर्षी टीममध्ये असायची.

माझी पाळी आली ती नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. बाबा दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी होते. विंचवरच्या दोरात त्यांच्या हाताची दोन बोटं चिरडली आणि तो हंगाम घरात गेला. आई पहाटे ससून डॉकवर लिलावात माल घ्यायची आणि कुलाब्याच्या बाजारात विकायची, पण पावसाळ्यात पाटीत टाकायला मासळीच नसते, सुकट-बोंबलावर किती भागणार. मला नर्सिंगला प्रवेश मिळाला. फी, वसतिगृहाची अनामत, गणवेश, पांढरे बूट, पुस्तकं. आईने कानातलं काढून ठेवलं होतं, ते विकूनही पुरत नव्हतं.

पैसे कोणाला दिले हे कधी सभागृहात सांगितलं जात नसे. वही मास्तरांकडे, हिशेब पाहायला मंडळाचे दोघे, बस. सोमवारी सकाळी मास्तर पावसात छत्री धरून आमच्या दारी आले. आत आले नाहीत, उंबऱ्याशीच उभे राहिले. आईने विचारलं, “मास्तर, हे पैसं परत कवा द्यायचं?”

“परत द्यायचे नाहीत, वहिनी. पुढल्या वर्षी पोरीला टीममध्ये बसवा. आणि ते कानातलं घाला बघू आधी.”

त्यांना कानातल्याचं कसं कळलं ते कधीच समजलं नाही. आई दाराआड जाऊन रडली, आणि बाहेर येऊन तिने मास्तरांना चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

मदतीचा पैसा घेताना माणूस मान खाली घालतो, हे मी पुढे नोकरीत हजारदा पाहिलं. ट्रस्टच्या खिडकीशी, समाजसेवा विभागाच्या बाकावर, फॉर्म भरताना बापमाणसांचे हात थरथरतात. आमच्या घरी तो पैसा आला तेव्हा बाबांनी मान खाली घातली नाही. कारण त्यातला एक प्रश्न त्यांनी स्वतः सोडवला होता, दुखऱ्या हाताने भोंगा दाबून. बयने सोडवले होते. शेजारच्या पोराने सोडवले होते. तो पैसा वस्तीने कमावलेला होता, आमच्यासकट. मला शिकवणाऱ्या या कल्पनेची किंमत फीपेक्षा मोठी आहे असं मला मनापासून वाटतं.

२००० साली ‘कौन बनेगा करोडपती’ आलं आणि मुंबईचाच हर्षवर्धन नवाथे पहिला करोडपती झाला. त्याच्या पुढच्या श्रावणात आमच्या सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. दात्यांची रांग लागली. पोरं उत्तरापुढे ‘लॉक किया जाए’ म्हणू लागली, मास्तरांनी तेवढं चालवून घेतलं, पण प्रत्येक टीमला वेगवेगळं बक्षीस द्यायची सूचना मात्र धुडकावली. बक्षीस नाही, सगळा पैसा डब्यात. जिंकणाऱ्या टीमला मंडळाच्या कढईतली भजी पहिली मिळत, एवढाच मान.

जगात हे करणारे आम्ही एकटे नाही हेही मास्तरांनीच शोधून सांगितलं. विलायतेत पबमध्ये अशा संध्याकाळी होतात आणि त्यातून संस्थांना देणग्या जातात. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या स्टीव्हन्स पॉइंट गावात विद्यार्थ्यांचं रेडिओ केंद्र १९६९ पासून अशी स्पर्धा घेत आलं आहे, ती आता सलग ५४ तास चालते, टीम घरात बसून रात्रंदिवस फोनवर उत्तरं देतात आणि केंद्राचा खर्च त्यातून निघतो. ५४ तास ऐकून आमच्या तांडेलांना नवल वाटलं नाही. खोल समुद्रात ते त्याहून जास्त जागलेले होते.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री आमच्या किनाऱ्यावर काय झालं ते सगळ्या देशाला माहीत आहे. कटकला भारत-इंग्लंड सामना चालू होता, घराघरांत टीव्ही लागलेले. रबरी होडीतून दहशतवादी उतरले. वस्तीतल्या माणसांनी त्यांना हटकलं होतं. मी ड्युटीवर होते, त्या रात्रीबद्दल इतकंच. पुढच्या वर्षी प्रश्न काढायला बसलो तेव्हा कोणीतरी त्या रात्रीवर एक प्रश्न सुचवला. मास्तर म्हणाले, “तो प्रश्न सगळं जग आपल्याला विचारतंय, तेवढं पुरे.” तेव्हापासून त्या रात्रीवर प्रश्न काढलेला नाही.

मास्तर थकले तसे आरोग्याचे प्रश्न माझ्याकडे आले. माझा पहिलाच प्रश्न होता: बुडालेल्या माणसाला बाहेर काढलं, त्याचा श्वास थांबलाय, तर आधी काय कराल? मला वाटलं होतं हा सोपा जाईल. दर्यावरची माणसं, त्यांना कोणी काय शिकवायचं. घोळ टीम म्हणाली, पोट दाबून पाणी काढायचं. शेवंड म्हणाली, पालथं घालून पाणी काढायचं. रावस म्हणाली, पाय धरून उलटं करायचं. प्रश्न सगळ्या टीमवरून फिरला, प्रेक्षकांत गेला, मागच्या भिंतीपर्यंत पोचला. सभागृहभर एकच उत्तर: पाणी काढा. माझ्या अंगावर काटा आला. ज्यांच्या घरातली माणसं रोज पाण्यात उतरतात त्या माणसांना हे कोणी कधी सांगितलेलंच नव्हतं. मास्तर माझ्याकडे पाहत होते. त्यांनी घंटा वाजवली आणि म्हणाले, “उत्तर आलेलं नाही. पोरी, तू सांग, आणि नीट सांग.”

मी सांगितलं. पोटातलं पाणी काढायला गेलं की उलटी होते आणि ती फुप्फुसात जाते, आणि हातातली मिनिटं निघून जातात. माणूस हवेवाचून मरतो आहे, त्याला हवा द्या. उताणं झोपवा, डोकं मागे करून हनुवटी वर उचला, नाक चिमटीत धरा, तोंडाला तोंड लावून छाती वर येईल असा श्वास द्या. मग छातीच्या मध्यावर हात ठेवून जोरात दाबा, तीस वेळा, पुन्हा दोन श्वास, आणि थांबू नका. एकाने १०८ ला फोन करायचा. त्या रविवारी स्पर्धा तिथेच थांबली. गोधडीची गुंडाळी करून तिच्यावर आम्ही रात्री उशिरापर्यंत सगळ्यांकडून करवून घेतलं, तांडेलांकडून, त्यांच्या बायकांकडून, नाक्यावरच्या पोरांकडून. त्या प्रश्नाचा दाता डिझेलवाला होता. उत्तर आलं नव्हतं, नियमाने रक्कम त्याची त्याला परत जायची. त्याने ती डब्यात टाकली आणि तिच्यावर आणखी टाकली.

तो प्रश्न आता दरवर्षी असतो, आणि दुसरीतली मुलंही त्याचं उत्तर देतात. त्यापाठोपाठ दुसरे आले. पायाला जखम असताना पावसाच्या तुंबलेल्या पाण्यात चाललं तर कुठला आजार होऊ शकतो? लेप्टो. मग डॉक्टरांकडे किती दिवसांनी जायचं? वाट पाहायची नाही, लगेच, प्रतिबंधक गोळी विचारायला. जुलै २००५ च्या पुरानंतर या शहरात लेप्टोने किती माणसं नेली ते मी वॉर्डात पाहिलं आहे.

मास्तर गेले त्यालाही आता काही वर्षं झाली. त्यांची वही मंडळाकडे आहे. नव्या मुलांचे प्रश्न नव्या काळाचे असतात, ते मास्तरांना आवडले असते. मेट्रो ३ ची दोन टोकं कुठली? आरे आणि कफ परेड. महाराष्ट्राचा राज्यमासा कुठला आणि कधी ठरला? पापलेट, २०२३. या प्रश्नावर मात्र वस्तीतल्या बायका सायकलच्या घंटीची वाट पाहत नाहीत, सगळ्या एकदम ओरडतात.

माझ्यानंतर त्या डब्यातून शिकलेल्यांत एक वकील आहे, दोघी शिक्षिका आहेत, बोटीवर इंजिनिअर झालेला एक मुलगा आहे. आम्ही सगळे आता दाते आहोत, एकेक प्रश्न आमच्या नावावर असतो. तरी माझं देणं फिटलं असं मला वाटत नाही. ज्या टीम हरल्या, ज्यांच्याकडून निसटलेला प्रश्न पुढे फिरत राहिला, त्यांच्याही वाट्याचं त्यात आहे, त्यांचा हिशेब कुठल्याच वहीत नाही.

तुमच्या चाळीत, तुमच्या गावात, तुमच्या सोसायटीत सभागृह असेल, आणि शिकायचं थांबू घातलेलं एखादं मूल असेल, तर या श्रावणात एक रविवार काढा. फळा, खडू, ताट आणि पळी एवढंच लागतं. टीममध्ये एक म्हातारं माणूस आणि एक मूल असू द्या, आणि प्रश्न उत्तर मिळेपर्यंत फिरवा. पहिला प्रश्न माझ्याकडून घ्या: बुडालेल्या माणसाचा श्वास थांबलाय, आधी काय कराल? पाणी काढत बसू नका. श्वास द्या.